चालतंयसाहेब आणि डॉक्टरांची सही

आमच्या दाजींना ऑफिसात सगळे पाठीमागे 'चालतंयसाहेब' म्हणतात. तोंडावर म्हणायची कुणाची हिंमत नाही, कारण ते तिथले सर्वांत जुने प्रोग्रॅमर आहेत आणि लोकांच्या सुट्ट्या तेच मंजूर करतात. मी मात्र तोंडावर म्हणते. मेहुणी आहे मी त्यांची, एवढा तरी हक्क मला असायलाच हवा. आणि हे नाव काही कुणी आकसाने ठेवलेलं नाही, त्यांनी ते स्वकष्टाने कमावलंय. कुठलीही वस्तू बिघडली की दाजी तिच्यापुढे कमरेवर हात ठेवून उभे राहतात, इथे टिचकी मार, तिथे थाप मार असं करतात, आणि ती कशीबशी हलली की म्हणतात, "चालतंय ना? मग चालू दे की!" ती बिघडली कशाने होती, असं विचारलंत तर त्यांना राग येतो.

ताईच्या घरात छताला धुराची सूचना देणारी एक डबी लावलेली आहे. ती एकदा भर दुपारी पिकपिक करायला लागली. दुसरा कुणी असता तर निदान बघितलं असतं, की बाई, तुला झालंय काय. दाजी स्टुलावर चढले, तिचा सेल काढला, खाली उतरले आणि हात झटकून म्हणाले, "झाली दुरुस्त." गाडीत इंजिनाचा लाल दिवा लागायचा, त्यावर त्यांनी काळी चिकटपट्टी लावली. माझा भाचा तान्हा असताना फार रडायचा, तर त्यावर या गृहस्थांनी काय उपाय काढावा? स्वतःची झोपायची खोली बदलली.

लग्नसुद्धा असंच जमवलं त्यांनी. ताईची अक्कलदाढ काढली होती. गालात कापसाचा बोळा, अर्धं तोंड बधिर, अशी ती दातांच्या दवाखान्यातून बाहेर पडत होती, आणि नेमका तोच मुहूर्त साधून दाजींनी तिला विचारलं, "माझ्याशी लग्न करशील?" तिला बोलता येईना. तिने हाताने खूण केली की थांब जरा. दाजी थांबले नाहीत. ते थेट घरी गेले आणि 'ती हो म्हणाली' असं सांगून मोकळे झाले. मी पुढे ताईला खोदून खोदून विचारलं, "अगं, पण तू हो म्हणालीस का?" ती म्हणाली, "मी नाही म्हणाले नाही ना!" ही काही माझ्या बहिणीची भाषा नव्हे. अक्कलदाढ गेल्यावर माणूस काय काय शिकतं बघा.

तर या माणसाच्या ऑफिसात मी टेस्टिंगला लागले. टेस्टिंग म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा. आमचे बाबा म्हणाले, "हे काम तुझ्यासाठीच निघालंय, घरी तू फुकट करत होतीस." मी बरीच वर्षं दुसऱ्या गावी नोकरी केली. परत आले ती बाबांची मूत्रपिंडं गेली म्हणून. आठवड्यातून तीनदा त्यांना हॉस्पिटलात रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राला जोडावं लागतं. ताईला गाडी येत नाही, माझ्याकडे स्कूटर आहे आणि तिच्यावर बाबांना बसवत नाही. म्हणून दाजी ऑफिसातून चारच्या आधी निघतात, त्यांना तिथे सोडतात, संपेपर्यंत बसतात आणि परत आणतात. हे ते करतात, नाही कशाला म्हणू? पण जगाला सांगूनसुद्धा करतात. "पोटचा मुलगा करणार नाही इतकं करतोय," हे वाक्य मी लिफ्टमध्ये ऐकलंय, कँटीनमध्ये ऐकलंय, आणि एकदा तर फोनवर विमा विकणाऱ्या अनोळखी बाईलासुद्धा सांगताना ऐकलंय.

योगायोग असा की त्या यंत्रांचं सॉफ्टवेअर आमच्याच ऑफिसचं. म्हणजे दाजींचं. त्यातली एक गोष्ट आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. प्रत्येक रुग्णाची एक छोटी फाईल असते. किती वेळ यंत्र चालवायचं, अंगातलं किती पाणी ओढायचं, असे डॉक्टरांनी ठरवलेले आकडे तिच्यात असतात. डॉक्टर आपलं कार्ड लावून त्या फाईलवर डिजिटल सही करतात. ही सही म्हणजे पेनाने मारलेली रेघोटी नव्हे. कार्डातली गुप्त किल्ली आणि फाईलमधला मजकूर यांच्यापासून एक लांबलचक आकडा तयार होतो, तीच सही. नंतर कुणी मजकुरातला एक ठिपका जरी हलवला तरी ती जुळत नाही. यंत्राने काम सुरू करण्याआधी ही सही तपासायची असते. जुळली तर हिरवी पट्टी, 'डॉक्टरांची सही योग्य'. नाही जुळली तर लाल पट्टी आणि यंत्र ढिम्म हलणार नाही. कागदावर तरी असं होतं.

मी रुजू झाले तेव्हा बाबांची तब्येत ढासळत चालली होती आणि का ते कुणाला कळत नव्हतं. घोट्यांवर सूज, जिना चढताना धाप. यंत्रावर असताना पायात असे गोळे यायचे की एवढा सोशिक माणूस, पण उशी तोंडात धरायचा. मग सिस्टर धावत येऊन पाणी ओढणं थांबवायच्या, आणि पाणी अंगात तसंच राहायचं. डॉक्टरबाई सकाळच्या, बाबांची पाळी संध्याकाळची, त्यामुळे भेट व्हायची ती सकाळच्या तपासणीत, रिपोर्ट समोर ठेवून. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "असंच पाणी साचत राहिलं तर हृदय दमेल. नक्की किती पाणी पितात हे?"

झालं. दाजींनी लगेच खटला चालवून निकाल दिला, सासरे चोरून पाणी पितात. बाबा आयुष्यभर शिंपीकाम केलेले. गिऱ्हाइकाच्या कापडातली उरलेली चिंधीसुद्धा घडी घालून परत देणारा माणूस. त्याच्यापुढे ताईने खुणा केलेलं भांडं ठेवलं, दिवसाचं पाणी एवढंच. न्हाणीघराचं दार उघडं ठेवून तोंड धुवायचं. आणि जेवायच्या टेबलावर दाजींचं प्रवचन. "बाबा, जिभेवर ताबा नको का? आम्ही जिवाचं रान करतोय." बाबा एकदाच म्हणाले, "मी घोटभरही जास्त घेत नाही हो." पुढे तेही म्हणायचे बंद झाले.

त्यातल्या त्यात बाबांना एका गोष्टीचं समाधान होतं. सगळ्यांना चार तास यंत्र लागायचं, बाबांना तीन. डॉक्टरांनी एक तास कमी केला होता. हे ते शाळेत पहिला नंबर आल्यासारखं सांगायचे. शेजारच्या पलंगावरच्या निवृत्त पोस्टमनला म्हणायचे, "तुमचं अजून चारच का? होईल, होईल कमी. माझं तर शरीर साथ देतंय." आणि घोटे हे असे सुजलेले.

आता ऑफिसातलं ऐका. माझं पहिलंच काम त्या सही तपासण्याच्या भागाचं होतं. आधीच्या लोकांनी काय तपासलं होतं ते बघितलं आणि मला हसावं की रडावं कळेना. सगळ्यांनी खऱ्या फाईली दिल्या होत्या, हिरवी पट्टी बघितली होती आणि चहाला गेले होते. खोटी फाईल देऊन कुणी पाहिलीच नव्हती. अरे, कुलूप घेताना आपण किल्लीने उघडून बघतो, तसं लावून एकदा ओढूनही बघतो की नाही? मी एका फाईलमधला आकडा बदलला आणि दिली. हिरवी पट्टी. मला वाटलं माझीच काहीतरी चूक. सही अर्धी कापून दिली. हिरवी पट्टी. मग माझी सटकली. सहीच्या जागी मी टाईप केलं, 'मी डॉक्टर नाही', आणि दिलं सोडून. यंत्र म्हणालं, 'डॉक्टरांची सही योग्य'.

मी दाजींच्या टेबलापाशी गेले. ते शेंगदाणे खात होते.

"दाजी, तुमचं यंत्र कशालाही हो म्हणतंय."

"शक्यच नाही. लायब्ररी वापरलीय आपण."

ही लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. सह्या करणं आणि तपासणं हे भयंकर किचकट गणित असतं, म्हणून त्यातल्या जाणकारांनी लिहून ठेवलेला तयार कोड सगळे वापरतात. त्याला लायब्ररी म्हणायचं. दाजी तिचं नाव असं घेतात जसं काही ती त्यांच्या माहेरची.

"लायब्ररी चांगलीच आहे हो. तुम्ही तिला विचारलंय काय आणि ऐकलंय काय, ते बघायचंय मला."

"अगं मेहुणीबाई, आज इतके महिने चालतंय. एक तक्रार नाही. आणि खोटी फाईल देणार कोण? हॉस्पिटल आहे ते, चोरबाजार नव्हे."

"मग सही तपासताच कशाला? काढून टाका की."

"तू ना, सासूसारखी बोलतेस," असं म्हणून त्यांनी शेंगदाण्याची पुडी माझ्यापुढे केली. वाद संपला असं त्यांना वाटलं की ते खायला देतात.

मी कोड उघडून बसले. त्या लायब्ररीला सही तपासायला दिली की ती आकड्यात उत्तर देते. एक म्हणजे सही खरी. शून्य म्हणजे खोटी. आणि तिसरंही एक उत्तर आहे, उणे एक. त्याचा अर्थ, 'बाबा रे, तू मला जे दिलंयस ते मला वाचताच येत नाही, मी तपासू काय, कपाळ?' हे सगळं लायब्ररीच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे. आणि दाजींनी काय लिहावं? शून्य आलं तर थांब, नाहीतर चालू दे. म्हणजे साक्षीदार म्हणतोय मला दिसतच नव्हतं, आणि आमचे न्यायाधीश लिहून घेतायत, साक्ष पटली.

असं का केलं, तेही उकरून काढलं मी. पहिल्या वेळी त्यांनी बरोबर लिहिलं होतं, एक आलं तरच चालू कर. पण तेव्हा सगळ्याच फाईली लाल व्हायला लागल्या. अगदी डॉक्टरांनी समोर बसून सही केलेल्यासुद्धा. आठवडेच्या आठवडे दाजी त्यात अडकले होते. किल्ली बदलून बघितली, यंत्र बदलून बघितलं, लायब्ररीची नवी आवृत्ती आणली, जुनी आणली, शेवटी हॉस्पिटलच्या वायरमनला दोष दिला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. मोठे साहेब रोज विचारायचे, हिरवं झालं का? आणि एके दिवशी दाजींनी ती ओळ फिरवली. क्षणात सगळं हिरवं! ऑफिसात केक कापला, साहेबांनी पाठ थोपटली, आणि तो फोटो ताईच्या बैठकीत अजून लावलेला आहे. दाजींच्या नाकाला त्यात क्रीम लागलंय.

खरा बिघाड किती किरकोळ असावा? सही नुसती पाठवता येत नाही, वाटेत खराब होते. म्हणून पाठवताना ती साध्या अक्षरांत बांधतात आणि पोचली की सोडतात. आपण कपडे गाठोड्यात नेतो तसं. दाजींनी गाठोडं न सोडता तसंच्या तसं लायब्ररीपुढे ठेवलं होतं. ती बिचारी दर वेळी सांगत होती, हे काय आहे, मला कळत नाही. खऱ्या फाईलला तेच, खोट्या फाईलला तेच. म्हणजे केक कापला त्या दिवसापासून एकाही रुग्णाची एकही सही कुणी तपासलेली नव्हती. आणि त्या वॉर्डात माझे बाबा झोपतात.

दाजींना सांगितलं तर म्हणाले, "बरं, पुढच्या आवृत्तीत बघू." मी सरळ मोठ्या साहेबांकडे गेले आणि त्यांच्यासमोर 'मी डॉक्टर नाही' वाली फाईल चालवली. साहेब हिरव्या पट्टीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे हॉस्पिटलला कळायच्या आधी दुरुस्त झालं पाहिजे." मी म्हटलं, हॉस्पिटलला सांगूनच दुरुस्त होईल, तिथे जाऊनच करायचंय ना. साहेबांनी पाण्याचा ग्लास संपवला आणि हो म्हणाले. दाजी दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. जाताना तेवढं म्हणाले, "घरची माणसं अशी पाठीत सुरा खुपसतात."

दुरुस्तीला काय लागलं? गाठोडं सोडणारी एक ओळ आणि 'एक आलं तरच' ही दुसरी. शनिवारी हॉस्पिटलात जायचं ठरलं, संध्याकाळची पाळी सुरू व्हायच्या आधी. डॉक्टरबाई मुद्दाम थांबल्या होत्या. वॉर्डात दोन्ही बाजूंना पलंग, प्रत्येकाशेजारी यंत्र, मध्ये सिस्टरच्या टेबलावर तो कॉम्प्युटर ज्यात सगळ्यांच्या फाईली असतात. देखभाल आमच्याकडे, त्यामुळे दाजींचा पासवर्ड त्याला चालतो. बाबांना दाजींनीच आणलं होतं. वजन झालं, ते आपल्या पलंगावर जाऊन बसले, आणि माझ्याकडे बघून पोस्टमनला म्हणाले, "ही माझी धाकटी. यंत्राला शिस्त लावायला आलीय."

मी नवीन कोड टाकला आणि एकेका रुग्णाची फाईल तपासायला घेतली. हिरवी. हिरवी. खरं सांगते, माझे डोळे भरून आले. पहिल्यांदाच ती पट्टी खरं बोलत होती. पोस्टमनची हिरवी. कोपऱ्यातल्या शिक्षिकेची हिरवी. आणि बाबांची लाल.

दाजींचा चेहरा असा उजळला म्हणता! "बघा! बघितलंत? सगळं नीट चालत होतं, हिने हात लावला आणि पहिला फटका हिच्याच बापाला. डॉक्टरबाई, दोन मिनिटं द्या, मी जुनी ओळ परत टाकतो. पेशंट खोळंबलाय."

मी घाबरले, खोटं कशाला बोलू? बाबांचे पाय सुजलेले, श्वास जड, यंत्र सुरू होईना. मी परत चालवलं. लाल. पण लाल आणि लालमध्ये फरक असतो, तेवढं मी शिकले होते. लायब्ररीने उत्तर काय दिलंय ते बघितलं. उणे एक नव्हतं, शून्य होतं. म्हणजे तिला सही नीट वाचता आली होती, तिने मजकुराशी लावून बघितली होती आणि ती जुळली नव्हती. इतके महिने मुकी बसवलेली बाई पहिल्यांदा स्वच्छ 'नाही' म्हणत होती.

"डॉक्टरबाई, तुमच्याकडची मूळ फाईल मिळेल का? तुम्ही सही केलेली?"

त्यांनी आपल्या खोलीतून ती पाठवली. मी तपासली. हिरवी. डॉक्टर त्याच, कार्ड तेच, सही तीच. मग दोन्ही फाईली शेजारी शेजारी लावल्या. एकच जागा वेगळी होती. डॉक्टरबाईंच्या फाईलमध्ये वेळ चार तास. यंत्राच्या फाईलमध्ये तीन.

डॉक्टरबाई वाकून बघत होत्या. "तीन? हे तीन तासांवर आहेत? कधीपासून?"

"तुम्हीच कमी केलात ना?" मी म्हटलं.

"मी कशाला कमी करीन? या वयात एवढं पाणी तीन तासांत ओढलं तर गोळे येणार, रक्तदाब पडणार, मग ओढणं थांबवावं लागणार..." त्या बोलता बोलता थांबल्या. आपण हेच आजारपण म्हणून लिहीत आलो हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. मग त्या सिस्टरकडे वळल्या आणि आवाज चढला. "कुणी बदललं हे?"

सिस्टर बिचारी गोंधळली. "अहो बाई, यांनीच तर," तिने दाजींकडे बोट केलं, "यांनीच इथे बसून बदललं. म्हणाले, डॉक्टरबाईंनी एक तास कमी केलाय, आणि यंत्रानेही घेतलं. सही योग्य म्हणालं ते. मला वाटलं तुम्हीच..."

मी दाजींकडे बघितलं. मला वाटलं होतं चेहरा पडेल, घाम फुटेल, निदान खाली तरी बघतील. छे! त्यांना अजून उमगलंच नव्हतं की आपल्याला कशाबद्दल धरलंय.

"हां, ते होय?" ते म्हणाले. "ती काय खोटी फाईल आहे का? सेटिंग केलं फक्त. साडेसातला माझं बॅडमिंटन असतं. चार तास म्हणजे आठ वाजतात, मग कोर्ट जातं दुसऱ्यांकडे. एका तासाने काय होतंय? आणि त्यांनाही कंटाळा यायचा, त्यांचाही वेळ वाचत होता. सहा-सात महिने चालतंय की! ते कधी नको म्हणाले?"

शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड! अहो, त्यांनी नको म्हणायला तुम्ही त्यांना विचारलं होतंत कधी? 'डॉक्टरांनी कमी केलाय' असं सांगितलं होतंत. आणि त्यावर त्या भांड्यातलं मोजून पाणी. उघड्या दाराचं न्हाणीघर. जिभेवर ताबा! मी हे सगळं भर वॉर्डात ओरडून बोलले. सिस्टरने माझा दंड धरला तेव्हा कळलं की सगळे पलंग ऐकतायत.

डॉक्टरबाई एकच वाक्य बोलल्या, "या कॉम्प्युटरला यापुढे हात लावायचा नाही," आणि सिस्टरला मूळ फाईल चढवायला सांगून बाबांच्या यंत्रापाशी गेल्या. हाताला नळ्या लागल्या. हिरवी पट्टी आली आणि तिच्याखाली वेळ उमटली. बाबांनी चष्मा नाकावर पुढे ओढून वाचलं. त्यांना उजव्या कानाने कमी ऐकू येतं, टेबलापाशी काय झालं त्यातलं निम्मंच पोचलं असावं.

"सिस्टर, हे चार कसं? माझे तीन असतात."

सिस्टरने डॉक्टरबाईंकडे बघितलं. डॉक्टरबाई नळी तपासत राहिल्या.

"परत वाढवले का?" बाबांचा आवाज बारीक झाला. "एवढं बिघडलंय का माझं? मी पाणी खरंच पीत नाही हो, डॉक्टर."

मी दाजींकडे बघत थांबले. म्हटलं, आता तरी हा माणूस पुढे होईल. त्यांनी खिशातून फोन काढला, बघितला, परत ठेवला. शेवटी मीच बाबांच्या डाव्या कानाशी गेले आणि सांगितलं. तुमची तब्येत बिघडलेली नाही, बाबा. तो तास डॉक्टरांनी कमी केलाच नव्हता. दाजींनी केला होता, त्यांना खेळायला जायचं असायचं म्हणून. आणि तुम्ही पाण्याचं खरं सांगत होतात.

 पोस्टमननी तोंड भिंतीकडे केलं. मला वाटलं बाबा चिडतील, आणि मला ते हवं होतं, आयुष्यात एकदा तरी त्यांनी या माणसाला फैलावर घ्यावं. त्यांनी नळ्या नसलेला हात वर करून दाजींना जवळ बोलावलं.

"जावईबापू, मला नुसतं सांगायचं होतंत," ते म्हणाले. "मी बसने घरी आलो असतो."

आणि आमचे दाजी म्हणतात कसे, "बसला मध्ये बदलावं लागतं, बाबा. तुम्हाला झेपलं नसतं."